पासष्ट एकर, तीन गुंठे

इव्हॅन्स्टन,
५ ऑक्टोबर

तीर्थरूप आबा आणि आई यांस,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र हातानं लिहितोय. अक्षर पार बिघडलंय आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका, तेव्हा आबा, लाल पेन शेजारी घेऊनच बसा. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि दुसऱ्या मिनिटाला फोन आईकडं देता. आईचं "जेवलास का?" सुरू झालं की मला काय सांगायचं होतं तेच आठवत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो, जेवलो. तिघंही वेळेवर जेवतो, तब्येती ठणठणीत आहेत, थंडी अजून पडलेली नाही आणि कांदा-लसूण चटणीचा डबा अजून अर्धा शिल्लक आहे. पुरवून पुरवून खातोय असं नाही, खरंच शिल्लक आहे.

पत्र पोचेपर्यंत दसरा होऊन गेलेला असेल. सोनं या पत्रातूनच घ्या.

आबा, गेल्या रविवारी तुम्ही आवाज खाली करून विचारलंत, "पैशाची काही अडचण आहे काय? पेन्शनीतलं थोडं पडून आहे, सांग." मला आधी कळेचना हे कुठून निघालं. रात्री बेबीचा मेसेज आला तेव्हा उलगडा झाला. मामा येऊन गेले आणि चहा पिता पिता म्हणाले, "अमेरिकेत जाऊन बी पोरगीला सरकारी शाळंतच घातली म्हणं." मामांचा नातू पुण्यात कुठल्या तरी इंटरनॅशनल शाळेत आहे आणि तिथली फी मामा न विचारता सांगतात. मी काही रागावलो नाही. दोन दिवस रागावलो होतो, मग सोडून दिलं.

होय, चिमीची शाळा सरकारी आहे. फी नाही. परवडत नाही म्हणून घातलेली नाही. या भागात चांगल्या पगाराची माणसंसुद्धा पोरांना तिथंच घालतात, कारण गावात दुसरं सरकारी हायस्कूलच नाही. तळ्याकाठच्या बंगल्यातला पोरगा आणि दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईची पोरगी एकाच वर्गात बसतात. तुम्ही स्वतः ३३ वर्षं अनुदानित शाळेत गणित शिकवलंत आणि मलाही त्याच शाळेत, तुमच्याच वर्गात, पहिल्या बाकावर बसवलंत. तेव्हा खरं तर तुम्हाला हे पटवून द्यायची गरज नाही. तरी मामांना सांगता यावं म्हणून सगळं लिहितो.

शाळेचं नाव इव्हॅन्स्टन टाउनशिप हायस्कूल. स्थापना १८८३. तुमच्या हिशेबानं सांगायचं तर शाहू महाराज दत्तक यायच्या आदल्या वर्षीची. इव्हॅन्स्टन म्हणजे शिकागोच्या उत्तरेला अगदी चिकटून असलेलं पाऊण लाख वस्तीचं गाव. उपनगर म्हणायचं, पण यांची नगरपालिका वेगळी, ग्रंथालय वेगळं, आणि शिकागोचे म्हटलेलं यांना आवडत नाही. टाउनशिप म्हणजे आपल्या तालुक्याहून लहान आणि गावाहून मोठं असं काहीतरी. त्या काळी हायस्कूल म्हणजे बहुतेक पैसेवाल्यांच्या खाजगी अकादम्या. एकेका गावाला हायस्कूल पेलायचं नाही. मग डोकं असं चालवलं की सगळ्या टाउनशिपनं मिळून कर द्यायचा आणि सगळ्यांच्या पोरांसाठी एक शाळा काढायची. इथले पहिले हेडमास्तर हेन्री बोल्टवुड. त्यांनी याच इलिनॉय राज्यात प्रिन्स्टन नावाच्या गावी १८६७ साली अशी पहिली शाळा चालवून दाखवली होती, म्हणून त्यांना इथं आणलं. आपल्या भाषेत बोल्टवुड सर. तुमचं आणि त्यांचं जमलं असतं.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला, हे तुम्ही आम्हाला दर २६ जूनला सांगायचात. आम्ही तेव्हा चुळबुळत बसायचो. इथं आल्यावर ते सारखं आठवतं, कारण इथं एक प्रकारे दंड सगळ्यांनाच आहे, पोर असो नसो. आमच्या शेजारी म्हातारे नवरा-बायको राहतात. मूलबाळ नाही. तरी वर्षातून दोनदा घरपट्टी भरतात आणि त्यातला मोठा वाटा शाळांना जातो. मी एकदा विचारलं, तुम्हाला याचं काही वाटत नाही? आजोबा म्हणाले, वाटतं की, दर वेळी वाटतं. आणि भरलेल्या पावतीची घडी घालून खिशात ठेवली. घरपट्टीचं पुढं आणखी लिहायचं आहे.

शाळा चालवायला गावानं मतं देऊन निवडलेलं सात जणांचं मंडळ. एकालाही मानधन नाही. तरी निवडणुकीला उभं राहतात! आपल्याकडं संस्थेच्या निवडणुकीत काय काय होतं ते या पत्रात लिहीत नाही, आईला वाचून दाखवायचं असतं.

आत्ताची इमारत १९२४ ची, म्हणजे महाराज जाऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाची. दुसऱ्या महायुद्धानंतर पोरंच पोरं झाली, इमारत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. साठच्या दशकात तर एका शाळेच्या पोटात चार शाळा केल्या, चौघींना वेगळी ऑफिसं दिली आणि एकीला बोल्टवुड सरांचं नाव दिलं. आता पुन्हा एकच आहे. मुलं साडेतीन हजारांवर. आवार ६५ एकरांचं. तुम्ही गुंठ्यात मांडल्याशिवाय राहणार नाही म्हणून मांडूनच देतो, २६०० गुंठे. आपला कळंब्याचा प्लॉट तीन गुंठ्यांचा. म्हणजे आपल्यासारखे साडेआठशेच्या वर प्लॉट त्या आवारात मावतील.

आता एक खुळ्यासारखी गोष्ट सांगतो. फोनवर सांगायला गेलो तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे पोरं घरी आणि आईबाप शाळेत?" व्हय आई, अगदी तेच. पण नीट समजून घे, कारण मलाही दोन वर्षं लागली.

याला बॅक टू स्कूल नाइट म्हणतात. पालकसभा नव्हे. पालकसभा वेगळी असते, ती आपल्यासारखीच, "तुमची मुलगी हुशार आहे पण बोलते फार" वाली. ही सप्टेंबरमधली एक संध्याकाळ. पोरांना यायचं नाही. आईबापांनी यायचं आणि पोराचं दिवसभराचं वेळापत्रक हातात घेऊन पोरासारखं शाळेत वावरायचं. चिमीचा पहिला तास जीवशास्त्र, तर माझाही पहिला तास जीवशास्त्र. फक्त तास दहा मिनिटांचा. घंटा वाजली की उठायचं, हातातला नकाशा बघत दुसऱ्या वर्गाकडं पळायचं, कारण मध्ये पाचच मिनिटं. इतिहास दहा मिनिटं, घंटा, पळा. इंग्रजी दहा मिनिटं, घंटा, पळा. शिक्षक आपलं नाव सांगतात, वर्षभर काय शिकवणार ते सांगतात, गृहपाठाचे नियम सांगतात. आणि मुख्य म्हणजे आपल्या पोरीबद्दल काही विचारायचं नाही! मी पहिल्या तासाला विचारायला तोंड उघडलं तर बाईंनी हसून हात वर केला, आज नाही. मग आलोय कशाला, असं मला वाटलं. शेजारच्या बाकावरच्या एका बापाला तेच विचारलं तर तो म्हणाला, पोरगी ज्या खुर्चीत बसते त्या खुर्चीत बसून बघायला. आणि खरंच सगळे आपापल्या पोराची जागा शोधून बसले होते. केस पांढरे झालेले, पोट सुटलेले, सुटाबुटातले, कामावरून थेट आलेले, गुडघे बाकाला अडकवून. काही जणांनी पोरांना चिठ्ठ्या लिहून बाकात ठेवल्या. मीही लिहिली. मराठीत. ती तिला वाचता आली का, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

आणि पळायचं म्हणजे खरंच पळायचं. तिसऱ्या तासानंतर मी रस्ता चुकलो. आपल्या हायस्कूलात चुकायचं म्हटलं तरी जमायचं नाही, एक जिना चढला की तुम्ही दिसायचातच. इथं बोळांना अंतच नाही. एका दारातून डोकावलो तर आत अंधार आणि छत घुमटासारखं गोल. ते तारांगण निघालं. शाळेचं स्वतःचं तारांगण, आबा! तिथून उलटा फिरलो तर ऑइलचा वास आला, आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मला क्षणभर वाटलं मी उद्यमनगरात आलो. समोर वर्कशॉप, लिफ्टवर चढवलेल्या गाड्या, भिंतीला पाने ओळीनं टांगलेले. पोरांना गाडी उघडून जोडायला शिकवतात, तेही वेळापत्रकात, मार्क धरून. मी तिथं जरा जास्तच रेंगाळलो. शेवटी शाळेचा टी-शर्ट घातलेला एक पोरगा आला, माझ्या हातातला कागद बघितला आणि म्हणाला, सर, तुमचा भूमितीचा तास सुरू झालाय, उशीर झाला. ४३ व्या वर्षी भूमितीच्या तासाला उशीर. आपल्या घरात हे तोंडातून काढायची सोय नाही.

भूमितीच्या तासाबद्दल तुम्हाला वेगळं लिहायचं आहे. या शाळेत भूमितीचा एक वर्ग बांधकामाबरोबर जोडलेला आहे. चिमी साध्या वर्गात आहे, पण त्या सरांनी दहापैकी चार मिनिटं याचंच सांगितलं. पोरं सिद्धांत शिकतात आणि तेच घेऊन वर्षभरात शाळेच्या आवारात खरं घर बांधतात. लाकडी घर, खिडक्या-दारं-छपरासकट. मग ते अख्खं घर गाडीवर चढवून गावात नेतात, तयार पायावर बसवतात आणि तिथं बेताच्या मिळकतीचं एखादं कुटुंब राहायला जातं. फळ्यावर त्यांनी कोपरा काटकोनात आणायची रीत काढून दाखवली, दोरीवर ३, ४ आणि ५. मी बाकावरच हसायला लागलो. सरांना वाटलं मला काही विचारायचं आहे.

कळंब्याच्या प्लॉटवर फक्की मारायच्या दिवशी तुम्ही गवंड्याच्या हातातली दोरी घेतली होती, आठवतं का? "थांब, गुण्या ठेव बाजूला" म्हणालात, दोरीला गाठी मारल्यात, एक टोक मला धरायला दिलं, एक बेबीला. ३, ४, ५. गवंडी कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, बरोबर हाय की ओ." फक्कीच्या रेघा पुढच्या पावसात गेल्या. पण कोपरा बरोबर होता.

असो. तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे, नात कुठल्या तुकडीत? आबा, इथं नववीला इंग्रजी आणि इतिहास या विषयांना तुकडीच नाही. पूर्वी होती. आपल्याकडची अ, ब, क तशीच, नाव ऑनर्स आणि बाकीचे. मग लक्षात आलं की अ तुकडीत बहुतेक गोरी पोरं आणि खालच्या तुकडीत बहुतेक काळी आणि स्पॅनिश बोलणारी. शाळा एक, दार एक, आणि आत गेल्यावर दोन. यावरून गावात मोठा वाद झाला, सभा चालल्या, आणि २०११ पासून नववीच्या या विषयांना सगळे एकत्र बसवले. अभ्यासक्रम सगळ्यांना वरचाच, ज्याला जमेल त्यानं तो ऑनर्सचा दर्जा वर्गातच मिळवायचा. पुढल्या वर्षी जीवशास्त्रालाही तेच केलं. गणिताला मात्र अजून वेगवेगळ्या पातळ्या आहेत. चांगलं की वाईट, मला सांगता येत नाही. शेजारचे काही जण अजून कुरकुरतात. तुम्ही फ तुकडी मागून घ्यायचात आणि हेडमास्तर म्हणायचे, "तुम्हाला कशाला ती डोकेदुखी?" ते मी चिमीला सांगितलं. तिनं विचारलं, फ म्हणजे फेल का? मी म्हटलं, नाही, सहावी. मग गप्प बसलो, कारण तिचं अगदीच चुकलं नव्हतं.

बाकी सोयी पटापट सांगतो, नाहीतर मामांसारखं व्हायचं. पोहण्याचा तलाव आहे, छताखाली, पाणी कोमट. आम्ही पाठीला डबा बांधून पंचगंगेत शिकलो, हिला चष्मा आणि टोपी घालून शिकवतात. नाटकाचं थिएटर आहे, भाजीचा मळा आहे आणि त्यातलं काही पोरांच्याच जेवणात येतं. प्रत्येकाला शाळेनं लॅपटॉप दिलाय. मैदानं किती ते मी मोजलेली नाहीत. शाळेच्या संघाचं नाव वाइल्डकिट्स, म्हणजे रानमांजराची पिल्लं. इथल्या विद्यापीठाचा संघ रानमांजरं, म्हणून हायस्कूलची पिल्लं. फुटबॉलचं मात्र बोलू नका. ज्यानं पाटाकडील आणि दिलबहारचा सामना शाहू स्टेडियमवर उभ्यानं बघितला, त्यानं हे डोक्याला शिरस्त्राण घालून चेंडू काखेत मारून पळणं फुटबॉल म्हणून का बघावं? एकदा गेलो, थंडीनं काकडलो, परत आलो.

कुस्ती आहे. गादीवरची. आणि हे फक्त आबांसाठी: चिमी म्हणते नाव घालते. आई, तू ऐकलं नाहीस. मुलींच्या कुस्त्या मुलींशीच असतात, कान झाकायला टोपडं असतं, आणि तिनं अजून नाव घातलेलं नाही. तुम्हीच तिला सहा वर्षांची असताना खासबागेत खांद्यावर बसवून नेलंत, आता निस्तरा.

आईच्या प्रश्नांची उत्तरं. एक, गणवेश नाही. २०१७ साली शाळेनं कपड्यांचे नियमच सैल केले, त्यामुळं पोरं पायजम्यातसुद्धा येतात. आपली तशी जात नाही. एकदा गेली. दोन, शाळा घरापासून वीस मिनिटांवर आहे, चालत जाते, सोबत दोघी मैत्रिणी असतात, बर्फ पडला की मी सोडतो. तीन, डबा घरचाच नेते. परवा भाकरी आणि झुणका नेला तर तिघीचौघींनी तोडून खाल्ला. चार, शाळा सुरक्षित आहे. दारावर माणूस असतो, ओळखपत्र बघितल्याशिवाय आत सोडत नाहीत. आगीची कवायत असते, तशा आणखी एक-दोन कवायती असतात. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. टीव्हीवर दिसतं ते सगळं इथलंच नसतं, एवढं लक्षात ठेव आणि बातम्या बघत बसू नकोस. पाच, मराठी बोलते. आमच्याशी बोलते. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, पण कळतं तिला सगळं.

आता इथून पुढचं आबा, तुम्ही आधी एकटे वाचा. मग आईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

इथं कुठली शाळा मिळणार ते घराच्या पत्त्यावरून ठरतं. मार्क बघत नाहीत, ओळख चालत नाही, देणगी कुणी घेत नाही. वीजबिल आणि घराचा करार घेऊन जायचं, पत्ता हद्दीत असेल तर प्रवेश. हद्दीबाहेर एक गल्ली जरी गेलात तरी नाही. भाड्यानं राहून चालतं, आम्हीही तसेच राहत होतो. पण गेल्या मार्चमध्ये घरमालकानं घर विकायला काढलं आणि हद्दीत दुसरं भाड्याचं घर परवडेना. चिमीची आठवी संपत आली होती. तिच्या सगळ्या मैत्रिणी याच शाळेत जाणार होत्या. रात्र रात्र आम्ही दोघं कागदावर आकडे मांडत बसायचो. तुमची सून एकदा म्हणाली, सरळ कोल्हापूरलाच जाऊया का? आणि मी आकडे मांडत राहिलो.

जूनमध्ये आम्ही घर घेतलं. "नवीन घरात राहायला गेलो" एवढंच तुम्हाला फोनवर सांगितलं आणि तुम्ही भाडं किती विचारलंत तेव्हा "तेवढंच आहे" म्हणालो. घर जुनं आहे, लहान आहे, दोन खोल्या वर आणि दोन खाली, छपराचं काम निघेल लवकरच. मागं हातभर जागा आहे, तिथं हिनं मेथी लावली होती. तुम्हाला आवडेल. कर्ज ३० वर्षांचं. तुम्ही गणिताचे मास्तर, तेव्हा माझ्याआधी तुम्हीच उत्तर काढलं असेल: फिटेल तेव्हा मी तुमच्या आत्ताच्या वयाचा असेन. सुरुवातीला भरायची रक्कम आम्ही कळंब्याच्या बांधकामासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून भरली. सगळ्याच नाही. बऱ्याचशा. वर घरपट्टी, तीही थोडी नाही, त्या शेजारच्या आजोबांसारखी मीही आता पावतीची घडी घालून ठेवतो.

हायस्कूल चार वर्षांचं असतं, नववी ते बारावी. "चिमीची आठवी झाली की येतो" असं मी रंकाळ्यावर बसून तुम्हाला म्हणालो होतो. त्याच्या आधी "चौथी झाली की" म्हणालो होतो. तुम्ही दोन्ही वेळेला "बघ, घाई नाही" म्हणालात. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

बेबीचं ठरलं याचा खरंच फार आनंद झाला. पोरगा गडहिंग्लजचा, पाय जमिनीवर असलेला वाटला, व्हिडिओवर लाजत होता हे मला आवडलं. तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यात धरताय असं ती म्हणाली. माझ्यासाठी बदलू नका. मी येतो, बारा दिवसांची रजा मागितली आहे, साखरपुड्याला नाही जमलं म्हणून हळदीच्या आधीच पोचतो. चिमी आणि हिला मात्र जमणार नाही. चिमीची शाळा मेच्या अखेरपर्यंत असते आणि वर्षाच्या शेवटी परीक्षा असतात, असं आईला सांगा. ते खोटं नाही. पण आठ दिवस शाळा बुडवता येते, परीक्षाही आधी देता येते. तीन तिकिटं काढता येत नाहीत, इतकंच आहे. बेबीला मी स्वतः सांगेन, तुम्ही सांगू नका. ती म्हणेल, काही हरकत नाही दादा, आणि मग वहिनीला फोन करून रडेल.

लग्नासाठी मी आठ लाख म्हणालो होतो. जानेवारीत पाच पाठवतो. उरलेले तीन मार्चपर्यंत, दोन हप्त्यांत. कार्यालयाचा आगाऊ पैसा त्याच्याआधी भरायचा असेल तर मला कळवा, मी काहीतरी करतो. पेन्शनीतलं काढू नका. आणि मला पैशाची अडचण आहे काय असं तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर, नाही, अडचण अशी नाही. सगळं व्यवस्थित बसतं, फक्त मधे बोट घालायला जागा राहत नाही.

चिमीनं तुमच्यासाठी वर्तुळात षटकोन काढून पाठवलाय, सोबत जोडला आहे. एक बाजू जरा चुकली आहे. ती म्हणाली आजोबांना कळणार नाही. मी काही बोललो नाही.

आईला नमस्कार, बेबीला आशीर्वाद, मामांना १८८३ सांगा. घराचं इतक्यात सांगू नका.

तुमचा,
दादा

ता. क. पाऊस उघडला असेल तर कळंब्याच्या प्लॉटला कुंपण घालून घ्या. सिमेंटचे खांब आणि तार, पत्रा नको. शेजारचे गुरं बांधतात असं बेबी म्हणत होती. त्याचे पैसे लग्नाच्या पैशात धरलेले नाहीत, वेगळे पाठवतो, या महिन्यातच. कोपऱ्यांचे खांब रोवताना तुम्ही स्वतः उभे राहा. दोरी आईच्या ट्रंकेत असेल.